पट्टी लक्षात राहिली, कॅप्सूल राहून गेली : नाशिकमधलं रजोनिवृत्तीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सुनंदाताई सिडकोत पोळी-भाजी केंद्र चालवतात. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही बदलले आहेत, आणि लिहायची परवानगी त्यांनी स्वतः दिली आहे. गोष्ट सुरू झाली तेव्हा त्यांचं वय ४९ होतं. पहाटे साडेचारला उठायचं, पाचला पहिली कणीक, सव्वासहापर्यंत अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत जाणाऱ्यांचे पहिले डबे. मदतीला दोन बायका. दोन मोठे तवे दुपारी एकपर्यंत उतरत नाहीत. घरात मिस्टर, मुलगा-सून, दीड वर्षाची नात आणि ७८ वर्षांच्या सासूबाई.

या घराची मी चौदा वर्षं फॅमिली डॉक्टर आहे. पुढे जे सांगणार आहे त्यातल्या निदान दोन चुका माझ्या आहेत. त्या गाळल्या तर हे प्रकरण लिहिण्यात काही अर्थ उरत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये त्या आल्या. झोप लागत नाही, छातीत धडधडतं. मी ईसीजी काढला, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं. सगळं ठीक आलं. रक्तदाब १३८/८६. झोपेची सौम्य गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली, चहा कमी करायला सांगितला. दारापर्यंत गेल्यावर त्या वळून म्हणाल्या, "रात्री गोधडी फेकून गॅलरीत जाऊन उभी राहते मॅडम, तेव्हा कुठं बरं वाटतं."

नाशिकची जानेवारीतली रात्र ती. त्याच दिवसांत निफाडकडे द्राक्षबागा थंडीपासून वाचवायला शेतकरी बागेत शेकोट्या पेटवत होते. अशा थंडीत एक बाई गॅलरीत उभी राहिल्यावर बरं वाटतं म्हणते, आणि मी पुढच्या पेशंटला हाक मारली. शेवटची पाळी कधी आली, हा एक प्रश्न विचारला असता तर उत्तर मिळालं असतं : फेब्रुवारी २०२३. म्हणजे अकरा महिने होऊन गेले होते. सलग बारा महिने पाळी आली नाही की त्याला रजोनिवृत्ती म्हणायचं, ही व्याख्या मला पाठ आहे. भारतातल्या बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, हेही माहीत आहे. पण बाई "धडधडतं" म्हणाली की आधी हृदय डोळ्यांसमोर येतं, तसंच माझं झालं.

अडचण

एप्रिलमध्ये त्या सासूबाईंचा रक्तदाब दाखवायला आल्या. मी सासूबाईंच्या दंडाला पट्टा बांधत होते आणि शेजारच्या स्टुलावर बसलेल्या सुनंदाताईंचा गळा माझ्या देखत लाल होत गेला. आधी गळ्याचा खळगा, मग मान, मग गाल. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब जमले. त्यांनी पदर सैल केला, सासूबाईंची फाईल उचलली आणि वारा घेऊ लागल्या. तीन मिनिटांत सगळं ओसरलं आणि त्या कुडकुडल्यासारख्या झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "हिचं हे असंच चाललंय. सारखी तव्यापाशी असते ना."

ताईंनी स्वतःचीही तशीच समजूत घातली होती. तव्यासमोर घाम येणारच, एप्रिलमध्ये नाशिकला घाम कोणाला येत नाही? म्हणून तर वर्षभर त्यांनी हा त्रास कोणाला सांगितला नाही. तवा आणि उन्हाळा यांच्या आड तो लपून राहिला.

अशा गरम वाफा दिवसातून किती वेळा येतात, ते मी त्यांना आठवडाभर मोजायला सांगितलं. डब्यांच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर त्यांनी रेघा मारल्या : ११, १२, ९, १४, ११, १३, १२. त्यांतल्या चार तरी रोज रात्रीच्या. म्हणजे सलग झोप दीड-दोन तासांची. त्याचे परिणाम वहीच्या पुढच्या पानांवर दिसत होते. दोन गिऱ्हाइकांचे डबे आलटून-पालटून गेले होते. मदतीच्या बाईवर त्या इतक्या ओरडल्या की ती दोन दिवस आलीच नाही. "मॅडम, केंद्र बंद करावं असं वाटतंय," त्या म्हणाल्या. सोळा वर्षांचं केंद्र होतं ते.

हे का होतं ते मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. थोडं गरम, थोडं गार झालं तर ते एरवी दुर्लक्ष करतं. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की मेंदूतल्या त्या केंद्राची सहन करण्याची मर्यादा अरुंद होते. तापमान जरासं वाढलं तरी त्याला वाटतं अंग फार तापलंय, मग ते कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतं, घाम सोडतं. दूध उतू जायच्या आधीच गॅस बंद करणाऱ्या घाबरट माणसासारखं.

"किती दिवस चालणार हे?" बायका हा प्रश्न विचारतात आणि आपण "जाईल हळूहळू" म्हणतो. अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात वारंवार वाफा येणाऱ्या बायकांमध्ये हा त्रास मध्यमानाने ७.४ वर्षं टिकलेला दिसला. सात वर्षं साडेचारला उठणाऱ्या बाईला "सहन कर" म्हणणं म्हणजे काय, याचा विचार आपण डॉक्टरांनीही फारसा केलेला नसतो.

समोरचे पर्याय

पहिला सल्ला घरातूनच आला. जाऊबाई म्हणाल्या, "पिशवीच काढून टाक, माझी काढली, सुटले." हा सल्ला मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते आणि दर वेळी माझा जीव तुटतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर चर्चा झाली, तरी "पिशवी म्हणजे कटकट" ही समजूत शहरातही गेलेली नाही. गर्भाशय काढल्यानं वाफा थांबत नाहीत. सोबत अंडाशयंही काढली तर उलट एका रात्रीत आणि जास्त जोराने सुरू होतात.

दुसरा उपाय त्या आधीच करत होत्या : शतावरी कल्प, सहा महिने, दुधातून. अपाय नव्हता, गुणही नव्हता. सोयाबीन आणि जवसाचंही तसंच.

तिसरा, हार्मोन नसलेली औषधं. व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेन्टिन कमी मात्रेत दिलं की वाफा कमी होतात. ज्यांना हार्मोन देताच येत नाहीत, उदाहरणार्थ ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, त्यांच्यासाठी हा खरा आधार आहे. पण हार्मोनइतका गुण त्यांनी येत नाही, आणि गॅबापेन्टिनने येणारी गुंगी पहाटे उठणाऱ्या बाईला परवडणारी नव्हती. (पुढे गुंगीचाच प्रश्न दुसऱ्या दाराने आला.)

चौथा, हार्मोन. इथे मिस्टर मध्ये बोलले. "मॅडम, हार्मोनने कॅन्सर होतो ना?" ताईंच्या मावशीला सत्तरीत स्तनाचा कर्करोग झाला होता, त्यामुळे ही भीती हवेतली नव्हती. मी कागद घेतला. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला एक प्रचंड अभ्यास मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. त्यात सोळा हजारांहून जास्त बायका होत्या. सरासरी वय ६३, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. दिलेली औषधं गोळीतून, घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन. त्यांच्यात वर्षाला दर दहा हजार बायकांमागे स्तनाच्या कर्करोगाच्या ३८ केसेस झाल्या. औषध न घेणाऱ्यांत ३०. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. हा आकडा शून्य नाही, आणि मी तो शून्य आहे असं सांगितलं नाही. पण मिस्टरांनी मनात धरलेला "घेतलं की होतो" हा आकडाही नव्हता तो. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात केली तर बहुतेक निरोगी बायकांमध्ये फायद्याचं पारडं जड राहतं, असं आज या क्षेत्रातल्या संस्था मानतात. आणि उतारवयात एका मावशीला झालेल्या आजाराने ताईंचा धोका फार वाढत नव्हता.

मिस्टर कागदाकडे बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "तिलाच ठरवू द्या."

गोळी, जेल की पट्टी

इथून पुढचे निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडचे. मी चिठ्ठी देऊन पाठवलं आणि पहिल्या भेटीला स्वतः सोबत गेले. आधी तपासण्या झाल्या : मॅमोग्राफी, पोटाची आतून सोनोग्राफी (गर्भाशयाचं अस्तर ३.५ मिलिमीटर, म्हणजे बारीक), पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाची कर्करोगासाठीची तपासणी), साखर, चरबी, यकृत. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, २३० निघालं. वजन ७४ किलो, उंची १५४ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३१ च्या वर. अर्धशिशी तरुणपणापासून. एफएसएच, म्हणजे पाळी जाताना वाढणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी, मुद्दाम केली नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईत लक्षणं आणि पाळीचा इतिहास पुरतो, त्या तपासणीचे पैसे वाचतात.

इस्ट्रोजेनची गोळी पोटात गेली की आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक आणि ट्रायग्लिसराइड वाढवते. लठ्ठपणामुळे गुठळीचा धोका आधीच वाढलेला, ट्रायग्लिसराइड आधीच जास्त, त्यामुळे गोळी नको ठरली. कातडीतून दिलेलं इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) थेट रक्तात जातं, यकृताला वळसा घालून. नेहमीच्या मात्रेत कातडीवर चिकटवायच्या पट्टीने गुठळीचा धोका वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. शिवाय पातळी दिवसभर सारखी राहते, अर्धशिशी असलेल्या बाईला त्याचा उपयोग होतो.

जेलही चाललं असतं, आणि ते स्वस्त पडत होतं. पण जेल हाताने चोळायचं, आणि ते लावलेल्या कातडीचा दुसऱ्याला स्पर्श झाला तर औषध त्याच्या अंगात जाऊ शकतं. ताईंचे हात दिवसभर कणकेत आणि संध्याकाळी कडेवर नात. त्यांनीच नको म्हटलं.

तेव्हा पट्टी ठरली : रोज ५० मायक्रोग्रॅम सोडणारी, आठवड्यातून दोनदा बदलायची. आणि रोज रात्री मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल.

या शेवटच्या वाक्याकडे परत यायचं आहे. त्या दिवशी पट्टीबद्दल आम्ही पंचवीस मिनिटं बोललो. कॅप्सूलबद्दल एक वाक्य झालं : "आणि ही रात्री घ्यायची."

सुरुवात आणि परकराची नाडी

आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे पट्टी नव्हती. त्याने मागवून दिली, आठ दिवस गेले. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पहिली पट्टी लागली. सोमवार आणि गुरुवार असे वार ठरले, भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुनेने लाल पेनाने गोल केले.

दोन आठवड्यांत रात्रीच्या वाफा कमी झाल्या. पण सहाव्या आठवड्यात वहीत अजून रोज पाच-सहा रेघा होत्या. तज्ज्ञ मॅडम फोनवर म्हणाल्या, ७५ वर जायचं का बघू. मी म्हटलं, आधी पट्टी दाखवा ताई.

पडद्यामागे त्यांनी परकराची नाडी सैल केली. पट्टी बेंबीच्या खाली डावीकडे होती, बरोबर नाडीच्या रेषेवर. तिचा वरचा काठ गुंडाळी होऊन निघाला होता, गोंदावर सुती धागे आणि पिठाची पांढरी भुकटी चिकटलेली. जेमतेम अर्धी पट्टी कातडीला लागून होती. त्यांनी वर सर्जिकल टेप मारली होती. "निघते मॅडम, घामाने. दोनदा तर पोळपाटाखाली सापडली."

पट्टी ओटीपोटावर लावायची असं सांगितलं होतं. कंबरेच्या रेषेवर नको, कपडा घासतो तिथे नको, हेही माहितीपत्रकात असतं. पण ते पत्रक ज्यांनी लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर परकराची नाडी नव्हती. साडी नेसणाऱ्या बाईची नाडी आणि निऱ्या ओटीपोटावर दिवसभर घासत असतात. त्यात आंघोळीनंतर अंगाला खोबरेल तेल लावायची त्यांची सवय. तेलकट कातडीवर कोणतीच चिकटपट्टी टिकत नाही.

तेव्हा मात्रा तीच ठेवली आणि जागा बदलली. पट्टी कुल्ल्याच्या वरच्या भागात, बाहेरच्या बाजूला, बसताना दाबली जाणार नाही अशी. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, त्याच जागी आठवडाभर परत नाही. त्या जागी तेल, पावडर बंद. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं झाल्यावर लावायची आणि तळहाताने दहा-पंधरा सेकंद दाबून धरायची. निघालीच तर नवी लावायची, पण पुढची बदली ठरल्या वारीच. स्तनांवर कधीच नाही. काढलेली पट्टी गोंदाच्या बाजूने दुमडून टाकायची, कारण तिच्यात औषध उरलेलं असतं आणि घरात लहान नात आहे. पट्ट्यांचं पाकीट गॅसच्या वरच्या फळीवर मसाल्याच्या डब्यांशेजारी होतं, ते आतल्या खोलीतल्या कपाटात गेलं.

ऑगस्टच्या शेवटी वहीत दिवसाला एक-दोन रेघा होत्या, काही दिवस कोरे. झोप सलग पाच तास. छातीला सुरुवातीला जडपणा आला होता, तोही गेला. मात्रा वाढवावी लागली नाही. त्या दिवशी त्यांनी दवाखान्यात सगळ्यांसाठी पुरणपोळ्या आणल्या होत्या, आणि आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं की हे प्रकरण संपलं.

वळण

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुनेचा फोन आला. "आईंना दहा दिवस झाले थोडं थोडं रक्त जातंय. त्या सांगत नव्हत्या. म्हणतात, पाळी परत आली."

केंद्रातल्या बायकांनी त्यांना सांगितलं होतं की पट्टीने पाळी परत येते, तरुण झालीस. ताईंनाही ते खरं वाटलं होतं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर आलेलं रक्त तपासल्याशिवाय सोडायचं नसतं. सलग हार्मोन सुरू केल्यावर पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडतात, ते बहुधा आपोआप थांबतात. इथे सातवा महिना होता, आणि मधले महिने कोरडे गेले होते.

मी विचारलं, "कॅप्सूल चालू आहे ना?"

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ती गणपतीत बंद केली."

गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी होत्या, तीनला उठावं लागे. कॅप्सूल घेतली की सकाळी डोकं जड, पाय जमिनीवर नसल्यासारखे. एकदा तव्यावर हात टेकता टेकता वाचला. "वाफा तर पट्टीने थांबल्यात. मग म्हटलं, झोपेची गोळीच असेल ती, आता झोप येतेच आहे." गणपतीनंतर नवरात्र, मग दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी. कॅप्सूल परत सुरूच झाली नाही. पट्टी मात्र एकही सोमवार-गुरुवार चुकली नव्हती.

जानेवारीत झोपेची गोळी मीच दिली होती. रात्री घ्यायची दुसरी गोळी त्यांनी त्याच खात्यात टाकली, यात त्यांचं काय चुकलं?

कॅप्सूल वाफांसाठी नव्हतीच. नुसतं इस्ट्रोजेन मिळालं की गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं. महिनोन्महिने वाढू दिलं तर त्यात विकृत वाढ होऊ शकते, आणि पुढे कर्करोगही. प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालतं. ज्या बाईचं गर्भाशय काढलेलं आहे तिला ते लागत नाही, ज्या बाईचं आहे तिला लागतंच. म्हणजे गुण देणारी पट्टी आणि राखण करणारी कॅप्सूल, अशी ती जोडी आहे. राखणदाराचं काम दिसत नाही, म्हणून तो आधी घरी पाठवला जातो.

सोनोग्राफीत अस्तर ९ मिलिमीटर निघालं. बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेतला. अहवाल येईपर्यंत तज्ज्ञ मॅडमनी पट्टी थांबवली. माझं मत वेगळं होतं. कारण समोर दिसत होतं, थोडे दिवस पट्टी आणि कॅप्सूल दोन्ही चालू ठेवता आली असती असं मला वाटत होतं. पण असा रक्तस्राव तपासणं त्यांच्या हद्दीतलं होतं आणि सावधपणा चुकीचा नव्हता. सुट्ट्यांमुळे अहवालाला वेळ लागला, पट्टीविना तीन आठवडे गेले. पाचव्या दिवसापासून वाफा परतल्या. मिस्टर रात्री दोनला उठून पंखा लावत. ते मला म्हणाले, "इतकं होतं हे मला माहीतच नव्हतं. मागच्या वर्षी मी झोपलेला असायचो."

अहवाल चांगला आला. इस्ट्रोजेनमुळे वाढलेलं साधं अस्तर, विकृत वाढ नाही, कर्करोग नाही.

पुन्हा पर्याय

आता प्रश्न इस्ट्रोजेनचा नव्हता, राखणदाराचा होता. हार्मोन कायमचे बंद करणं ताईंनी एका वाक्यात नाकारलं. त्या तीन आठवड्यांनी ते उत्तर ठरवून टाकलं होतं.

कॅप्सूल वेगळ्या वेळी घ्यायची का? गुंगी येण्याचं कारण असं की प्रोजेस्टेरॉन शरीरात मोडताना एक घटक तयार होतो, तो मेंदूवर झोपेच्या औषधासारखा काम करतो. ताई ती अकराला, जेवणाची भांडी आवरल्या आवरल्या घेत. जेवणासोबत ती रक्तात बरीच जास्त शोषली जाते. भरल्या पोटी अकराला घेऊन साडेचारला उठलं तर गुंगी राहणारच. रात्री नऊच्या सुमारास, जेवणापासून अंतर ठेवून घेतली असती तर कदाचित सगळं निभावलं असतं. महिन्यातले बारा दिवस २०० मिलिग्रॅम हाही एक मार्ग होता, पण त्याने दर महिन्याला रक्तस्राव आला असता, आणि ते बारा दिवस नेमके कुठल्या तरी सणात पडले असते.

तिसरा मार्ग लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू, गर्भाशयात बसवायची. हार्मोन थेट अस्तरावर काम करतं, रक्तात फार थोडं जातं, गुंगी नाही, आणि या कामासाठी पाच वर्षं चालतं. ताईंनी विचारलं, "म्हणजे मला आठवण ठेवायला नको?" तज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, नको. "मग तेच."

जानेवारी २०२५ मध्ये ती बसवली. पाळी गेल्यावर गर्भाशयाचं तोंड आखडतं, त्यामुळे बसवताना बऱ्यापैकी दुखलं. हे आधी स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून त्या घाबरल्या नाहीत. पट्टी त्याच आठवड्यात परत सुरू झाली.

निष्पत्ती

एप्रिलपर्यंत मधूनमधून डाग पडत राहिले, मग थांबले. तेव्हापासून रक्त नाही. नंतरच्या सोनोग्राफीत अस्तर पुन्हा बारीक दिसलं. वाफा आठवड्यातून दोन-तीन. रक्तदाब १२८/८०, वजन तीन किलोने कमी, ते पट्टीने नव्हे तर सलग झोप लागल्यावर संध्याकाळी चालायला निघू लागल्यामुळे. केंद्र चालू आहे.

एक त्रास मात्र पट्टीने गेला नाही, आणि तो आम्हाला वर्षभर कळलाही नाही. लघवीला जळजळ होते म्हणून मी त्यांना दोनदा अँटिबायोटिक दिलं होतं. तपासणीत दोन्ही वेळा जंतू सापडले नाहीत. शेवटी तज्ज्ञ मॅडमनी विचारलं, संबंधाच्या वेळी दुखतं का? ताईंनी मान खाली घातली. योनीमार्गाचा कोरडेपणा होता. तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं, दोन महिन्यांत जळजळ थांबली. चौदा वर्षांची ओळख असूनही तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारी २०२४ मधला प्रश्न पहिला. आता पंचेचाळिशीपुढची कोणतीही बाई झोप, धडधड, चिडचिड यांपैकी काहीही घेऊन आली की शेवटच्या पाळीची तारीख मी ईसीजीच्या आधी लिहिते.

पण सगळ्यांत जास्त मी ऑक्टोबर २०२४ च्या एका भेटीबद्दल विचार करते. ताई सर्दी-तापाने आल्या होत्या. मी विचारलं, "पट्टी चालू आहे ना?" त्या म्हणाल्या, "हो, एकदम." आणि मी खूश होऊन तापाची गोळी लिहिली. "कॅप्सूल?" हा तीन अक्षरांचा प्रश्न विचारला असता तर सुई, नळी, तीन आठवड्यांची धास्ती, मिस्टरांनी रात्री मोबाईलवर शोधलेलं काय काय, हे सगळं टळलं असतं. आता मी चिठ्ठीवर दोन्ही औषधं एका कंसात लिहिते आणि कंसाबाहेर मराठीत : "एक बंद तर दुसरीही बंद, आणि मला फोन."

पहिल्या दिवशी मी बाईला तिच्या दिवसाचं वेळापत्रकही विचारते. किती वाजता उठता, जेवता कधी, नेसता काय, तेल लावता का. साडेचारला उठणाऱ्या बाईला गुंगी आणणारी कॅप्सूल देताना तो विचार व्हायलाच हवा होता. ती तांबी पहिल्याच भेटीत सुचवता आली असती का? आली असती. पण ताई तेव्हा पट्टीलाच घाबरत होत्या, आत काही बसवायचं म्हटलं असतं तर बहुधा परत आल्याच नसत्या. इथे आम्ही चुकलो असं मी म्हणणार नाही.

तीन महिन्यांच्या भेटीनंतरची पुढची भेट थेट वर्षावर टाकली, ते मात्र चुकलं. सहाव्या महिन्यात एक साधा फोन हवा होता. आता ते काम आमच्या सिस्टर करतात, वहीत नावं लिहून.

गेल्या सोमवारी ताई त्यांच्या मदतनीस बाईला घेऊन आल्या, तीच जी एकदा रागावून दोन दिवस आली नव्हती. वय ४६. "मॅडम, हिला पण तीच पट्टी द्या, हिलाही घाम येतो." मी विचारलं, शेवटची पाळी कधी? ती म्हणाली, चालूच आहे, बावीस दिवस झाले. हिमोग्लोबिन ८.१ निघालं. पट्टी दिली नाही, आधी सोनोग्राफी सांगितली. ती नाराज झाली. तिला वाटलं पैशांमुळे टाळतेय. ताई तिच्याशी जिन्यात बराच वेळ बोलत होत्या, शब्द ऐकू येत नव्हते. गुरुवारी सकाळी दहाची वेळ दिली आहे. ताई म्हणाल्यात, डबे गेले की मीच घेऊन येते.